रोलिंग स्टोन्सच्या गर्दीचा तक्ता : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५

काम ठरलं. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या कॉन्सर्टना १९६२ ते २०२४ या काळात किती माणसं आली, याचा एकच मोठा तक्ता करायचा आणि तो आमच्या श्रवणमंडळाच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअरमागच्या भिंतीवर लावायचा. बँडवरून फार वाद झाला नाही. बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टनंतर दौरे बंदच केले. लेड झेपलिनचा खेळ १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनमच्या मृत्यूबरोबर आटोपला. हॉटेलच्या मागच्या खोलीपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सगळ्या मापाच्या जागी वाजवलेला आणि साठ वर्षं टिकलेला बँड हवा, तर नाव एकच उरतं.

शीटचे रकाने: तारीख, गाव, जागा, आकडा, आकडा कोणी सांगितला, तिकीट की फुकट, बसून की उभं. पाचवा रकाना मी हट्टाने घातला. तक्ता आखून देणारी डिझायनर मैत्रीण म्हणाली, "हे कोण वाचणार?" कोणी न वाचो. पण पोलिसांचा आकडा, आयोजकांचा आकडा आणि तिकीटखिडकीचा आकडा एकाच रांगेत बसवले की पुढचं सगळं गणित हवेत.

५ ऑगस्ट

सुरुवातीची वर्षं भरली. पहिला ठिपका: १२ जुलै १९६२, गुरुवार, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा मार्की क्लब. तिथे गुरुवारी वाजवणारा अलेक्सिस कॉर्नरचा बँड त्या दिवशी बीबीसी रेडिओवर गेला म्हणून या पोरांना जागा मिळाली. पुढच्या वर्षी रिचमंडच्या स्टेशन हॉटेलातला क्रॉडॅडी क्लब, दर रविवारी. जॉर्जिओ गोमेल्स्की तो चालवायचा. काही महिन्यांत तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही.

२९ सप्टेंबर १९६३ पासूनच्या दौऱ्यात एव्हर्ली ब्रदर्स आणि बो डिडली यांच्या जोडीला हे. जागा म्हणजे सिनेमाची थिएटरं, आणि एका संध्याकाळी दोन खेळ. इथे नियम करावा लागला. खेळ वेगळा तर ओळ वेगळी, कारण पहिल्या खेळाचे लोक बाहेर काढून दुसऱ्यांना आत घेतात. त्या काळात 'आज चार हजार लोक आले' असं कुणी छापलं असेल तर ते बहुधा दोन-दोन हजारांचे दोन खेळ असतात.

वॉर्सा, १३ एप्रिल १९६७. संस्कृती-प्रासादातलं काँग्रेस सभागृह, सुमारे तीन हजार खुर्च्या. बरीचशी तिकिटं पोलंडच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या माणसांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या हाती गेली. ज्यांना गाणी पाठ होती ते हजारोंनी बाहेर, पोलिसांसमोर. तक्त्यात आतलेच धरायचे. बाहेरच्यांसाठी शीटमध्ये शेरा टाकला आहे, कारण या ओळीत खरे श्रोते कोण हा प्रश्न डोकं सोडत नाही.

९ ऑगस्ट

आज गाणं बाजूला ठेवून मोजणी शिकलो.

गर्दी मोजायची सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत एका पत्रकारितेच्या प्राध्यापकाची. हर्बर्ट जेकब्स, बर्कली. १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या सभा त्यांच्या खिडकीखालच्या चौकात भरायच्या. चौकातल्या फरशीवर आखीव चौकटी होत्या. त्यांनी काही चौकटींतली डोकी मोजली आणि हिशेब लावला: विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि श्वास कोंडेल अशा गर्दीत अडीच. मेट्रिकमध्ये सांगायचं तर चौरस मीटरला अनुक्रमे एक, अडीच आणि चारच्या थोडी वर माणसं. याहून जास्त दाटी स्टेजच्या अगदी पुढ्यात होते, तीही थोड्या पट्ट्यात. अख्ख्या मैदानाला तो दर लावणारा माणूस एक तर पुढाऱ्याचा असतो नाही तर आयोजकाचा.

अंदाज हाताशी राहावा म्हणून माप मुंबईचं घेतलं. शिवाजी पार्क साधारण २८ एकर, म्हणजे सव्वा लाखाच्या आतच चौरस मीटर. अख्खं मैदान, नाना-नानी पार्कपासून क्रिकेटच्या पिचपर्यंत, विरळ भरलं तर लाखभर माणूस. दाट भरलं तर पावणेतीन लाख. दसरा मेळाव्यांचे आकडे ऐकत मोठे झालेल्यांनी हे एकदा गणित करून पाहावं, करमणूक होते. यापुढे शीटमध्ये प्रत्येक फुकट कॉन्सर्टपुढे 'किती शिवाजी पार्क' असा रकाना.

१० ऑगस्ट

हाइड पार्क, ५ जुलै १९६९. आकडे दोन: अडीच लाख आणि पाच लाख. दोन्ही वर्षानुवर्षं छापले जातात, बहुतेक वेळा लेखकाला बँड किती आवडतो त्यावर.

पार्श्वभूमी माहीत असेलच. बँडचा संस्थापक गिटारवादक ब्रायन जोन्स ३ जुलैला पोहण्याच्या तलावात मेला. कॉन्सर्ट आधीच ठरलेली होती, ती श्रद्धांजली झाली. गायक मिक जॅगरने पांढरा झालरीचा अंगरखा घालून शेलीची कविता वाचली आणि खोक्यांतून पांढरी फुलपाखरं सोडली. त्यातली बरीच आतच मेलेली होती. महिनाभर आधी, ७ जूनला, ब्लाइंड फेथ हा बँड त्याच बागेत फुकट वाजवून गेला होता आणि तेव्हा सुमारे लाखभर लोक आले होते. जॅगर तेव्हा बघायला होता.

आता हिशेब. फोटोंत लोक बसलेले दिसतात. ऐसपैस, चादरी पसरून, काही झाडांवर. बसलेल्या माणसाला उभ्यापेक्षा जागा जास्त लागते. माणशी एक चौरस मीटर धरला तरी हात आखडता घेतल्यासारखं होईल. अडीच लाख लोकांना अडीच लाख चौरस मीटर, म्हणजे सव्वादोन शिवाजी पार्क. बाग साडेतीनशे एकरांची आहे, तेवढी जागा सहज निघते. पाच लाखांना साडेचार शिवाजी पार्क लागतील, आणि तीही स्टेजचा आवाज पोचेल अशा टप्प्यात. त्या दिवशीची ध्वनियंत्रणा वॉटकिन्स कंपनीची, उभ्या खांबांसारखे स्पीकर रचलेले. १९६९ च्या मानाने दणकट, पण एवढ्या मोठ्या बागेला पुरणारी नव्हे. माझ्या तक्त्यात अडीच लाख. पाच लाखांचा आकडा रेषेच्या वरच्या टोकाला पुसट.

एक गोष्ट मला गर्दीच्या आकड्याहून जास्त आवडली. कॉन्सर्ट संपल्यावर जे कचरा गोळा करतील त्यांना आदल्याच दिवशी बाजारात आलेली 'हाँकी टाँक विमेन'ची तबकडी फुकट देऊ असं सांगितलं गेलं, आणि पोरांनी बाग झाडून लख्ख केली. लाखोंच्या गर्दीनंतरचा कचरा एका गाण्याच्या मोबदल्यात उचलला गेला. आपल्याकडच्या महापालिकांनी नोंद घ्यावी.

१३ ऑगस्ट

आल्टामाँट, ६ डिसेंबर १९६९. सुमारे तीन लाख, फुकट, कॅलिफोर्नियातल्या एका मोटार शर्यतीच्या धावपट्टीवर. आकड्यावर फारसा वाद नाही. इथे स्टेजची उंची नोंदवतो आहे, कारण कुठल्याही संख्येपेक्षा ती जास्त सांगते.

कॉन्सर्ट आधी सीअर्स पॉइंट नावाच्या दुसऱ्या धावपट्टीवर ठरली होती. तिथे स्टेज उताराच्या माथ्यावर येणार, लोक खाली, म्हणून स्टेज जेमतेम मीटरभर उंच बांधायचं ठरलं. जागेच्या मालकांशी पैशांवरून आणि चित्रीकरणाच्या हक्कांवरून फिसकटलं आणि एका दिवसावर कार्यक्रम आला असताना जागा बदलली. आल्टामाँटला उतार उलटा: स्टेज तळाशी आणि तीन लाख माणसं वरून खाली रेटा देणारी. स्टेज तेवढंच, मीटरभर. मध्ये कुंपण नाही, फक्त हेल्स एंजल्सची मोटारसायकलवाली टोळी. अठरा वर्षांचा मेरेडिथ हंटर स्टेजच्या पुढ्यात भोसकला गेला. त्या दिवसात आणखी तिघे गेले, दोघे गाडीखाली, एक कालव्यात बुडून.

मैत्रिणीला सांगितलं आहे की या ठिपक्याला वेगळा रंग वगैरे काही नको. खाली एक ओळ, बस.

१७ ऑगस्ट

आज नेबवर्थ. स्टोन्सनी २१ ऑगस्ट १९७६ ला इथे वाजवलं. लिनर्ड स्किनर्ड, टॉड रंडग्रेन, टेन सीसी त्यांच्याआधी. अंदाज दीड ते दोन लाख. तिकीट होतं, पण मोकळ्या माळावरच्या कुंपणाला भोकं असतात, त्यामुळे हा आकडा अर्धा तिकिटाचा आणि अर्धा तर्काचा.

याच माळावर तीन वर्षांनी, ४ आणि ११ ऑगस्ट १९७९ ला, लेड झेपलिन आलं. ते आमच्या तक्त्यात नाही, पण मोजणीवरून झालेलं भांडण इतकं बोलकं आहे की शीटच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. आयोजक फ्रेडी बॅनिस्टर म्हणाले, पहिल्या शनिवारी लाखाच्या जरा वर लोक. झेपलिनचा व्यवस्थापक पीटर ग्रँट म्हणाला, छे, दोन लाखांच्या वर; आम्हाला पैसे कमी दाखवताय. ग्रँटने हवेतून फोटो काढवले आणि डोकी मोजायला लावली. एरवी आयोजक गर्दी फुगवून सांगतो. इथे उलटं, कारण बँडला द्यायची रक्कम डोक्यांवर ठरणार होती. आकडा कोणी सांगितला, या रकान्याबद्दल मैत्रिणीने त्यानंतर काही विचारलेलं नाही.

२१ ऑगस्ट

स्टेडियमांचा काळ. इथे जरा हायसं वाटतं, कारण भिंती आहेत, दारं आहेत, तिकिटाला अर्धुक आहे.

आधीचे मैलाचे दगड तुलनेसाठी: बीटल्स, शे स्टेडियम, १५ ऑगस्ट १९६५, ५५,६००. लेड झेपलिन, टँपा, ५ मे १९७३, ५६,८००, म्हणजे बीटल्सचा विक्रम जेमतेम हजार-बाराशेंनी मोडला. पुन्हा झेपलिन, पाँटिअॅक सिल्व्हरडोम, ३० एप्रिल १९७७, ७६,२२९.

मग स्टोन्सचा १९८१ चा अमेरिका दौरा. फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियममध्ये सुरुवात, एका शोला नव्वद हजारांच्या घरात. ५ डिसेंबरला न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये ८७,५००. छताखालच्या कॉन्सर्टचा हा विक्रम तीन दशकांहून जास्त टिकला. तो २०१४ च्या जूनमध्ये टेक्ससमध्ये मोडला, तोही रॉकवाल्याने नव्हे, कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेटने, १,०४,७९३ लोकांसमोर. हा दौरा आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखा: जोवान नावाच्या अत्तराच्या कंपनीने तो प्रायोजित केला होता. पुढे सगळ्या मोठ्या दौऱ्यांच्या तिकिटांवर कुणाचं ना कुणाचं बोधचिन्ह यायला लागलं, त्याची ही नांदी. २०२४ च्या दौऱ्याची प्रायोजक निवृत्त अमेरिकनांची संघटना होती, यावर आमच्या मंडळात दोन दिवस विनोद चालले.

२४ ऑगस्ट

'हाउसफुल्ल' म्हणजे काय, यावर आजचा दिवस गेला.

व्यापारी नियतकालिकांत प्रत्येक शोपुढे चार गोष्टी छापून येतात: जमा रक्कम, विकलेली तिकिटं, क्षमता, शोची संख्या. विकलेली तिकिटं आणि क्षमता बहुतेक वेळा तंतोतंत सारखी. आधी वाटलं की लोकप्रियता केवढी! मग स्टेडियमच्या फुटबॉलच्या क्षमतेशी ताडून पाहिलं तर आकडा कुठेच जुळेना.

कारण सरळ आहे. स्टेज मैदानाच्या एका टोकाला उभं राहतं. त्याच्या मागच्या खुर्च्या गेल्या, मनोऱ्यांच्या आड येणाऱ्या गेल्या, ध्वनिमिश्रणाच्या टेबलाने खाल्लेली जागा गेली. उलट गवतावर खुर्च्या किंवा उभे लोक वाढले. ही बेरीज-वजाबाकी झाल्यावर जे उरेल ती त्या रात्रीची क्षमता. शिवाय तिकीटविक्री थंड असेल तर वरचा मजला उघडायचाच नाही. विक्री चढली तर कडेच्या खुर्च्या 'दृश्य अर्धवट' म्हणून सोडायच्या. नाट्यगृहाबाहेर बाल्कनी बंद ठेवून हाउसफुल्लचा बोर्ड लावलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

स्टोन्सनी तर स्टेज जागा खातं यावरही उपाय शोधले. १९९७-९८ च्या दौऱ्यात मुख्य स्टेजपासून मैदानाच्या मध्यावरच्या छोट्या स्टेजपर्यंत लांबत जाणारा पूल होता. २००५ च्या दौऱ्यात स्टेजच्या इमारतीतच सज्जे काढून प्रेक्षकांना बसवलं. पाठमोऱ्या गिटारवादक कीथ रिचर्ड्सचे पैसे मोजणारे लोकही निघाले.

शीटमध्ये 'क्षमता' हा रकाना काढून टाकला.

२८ ऑगस्ट

१९९० ची दोन ठिकाणं.

टोकियो डोम, फेब्रुवारी, एकाच जागी दहा शो, मिळून सुमारे पाच लाख. १९७३ मध्ये जपानने जॅगरला प्रवेश नाकारला होता आणि बुदोकानचे शो रद्द झाले होते. सतरा वर्षांची थकबाकी एकदम वसूल. तक्त्यावर हे दहा ठिपके एकावर एक येतात, पाच लाखांचा एक ठिपका होत नाही. यावर मंडळातल्या एका काकांशी जुंपली. ते म्हणतात, लोक तर पाच लाखच आले ना? आले, पण एका वेळी नाही, आणि त्यातले किती दोन-दोनदा आले ते कोण सांगणार.

प्राग, १८ ऑगस्ट. स्ट्राहोव्ह स्टेडियम, लाखभर लोक, राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल जातीने हजर. आधीच्या हिवाळ्यात कम्युनिस्ट राजवट कोसळलेली, रशियन रणगाडे परत निघालेले, आणि शहरभर पोस्टरं लागली होती की रणगाडे बाहेर पडताहेत, स्टोन्स आत येताहेत. स्ट्राहोव्ह मुळात सामूहिक कवायतींसाठी बांधलेलं, अडीच लाख माणसं मावतील एवढं. तिथे लाख लोकही विरळ दिसले असतील. ओळ भरली, पुढे.

२ सप्टेंबर

२००३ या एका वर्षावर आलो आणि अडकलो.

या दौऱ्यात त्यांनी मुद्दाम तिन्ही मापं ठेवली होती: काही मोठ्या शहरांत एक शो छोट्या थिएटरात, एक बंदिस्त अरीनात, एक स्टेडियममध्ये. आशियात आले तेव्हा सार्सची साथ पसरली होती. चीनचे शो रद्द झाले, हाँगकाँगचेही पुढे गेले. भारताचे मात्र झाले: ४ एप्रिलला बंगळुरूचं पॅलेस ग्राउंड्स, पावसात, आणि ७ एप्रिलला मुंबईचं ब्रेबॉर्न.

ब्रेबॉर्न म्हणजे सुमारे वीस हजार खुर्च्या. १९३७ चं मैदान, कसोटी क्रिकेट वानखेडेवर गेल्यानंतर निवांत झालेलं, चर्चगेटपासून चालत पाच मिनिटं. आकड्याच्या शेजारी 'मैदानाच्या खुर्च्या' असं लिहिलं आहे, 'आलेले लोक' असं नाही. मामा त्या रात्री तिथे होता, म्हणून त्याला फोन केला.

"मामा, स्टेडियम भरलं होतं का रे?"

"भरलं होतं म्हणजे? मी पुढे होतो, मागे वळून कोण बघतंय! समोर कीथ रिचर्ड्स उभा आहे आणि मी माणसं मोजू?"

"अंदाज तरी सांग."

"घामाचा सांगतो. एप्रिलमधली मुंबई होती."

साक्षीदाराचा उपयोग संपला. पण नंतर पाच मिनिटं तो ड्रमर चार्ली वॉट्सच्या डाव्या हाताबद्दल बोलत होता, ते मी ऐकून घेतलं.

त्याच साथीने टोरांटोचं पर्यटन झोपवलं. शहरात पुन्हा माणसं यावीत म्हणून ३० जुलैला डाउन्सव्ह्यूच्या जुन्या लष्करी विमानतळावर स्टोन्सना बोलावलं. तिकीट साडेएकवीस कॅनेडियन डॉलर, आणि माणसं साडेचार ते पाच लाख. एसी/डीसी, रश, गेस हू हे सोबत. जस्टिन टिंबरलेकवर बाटल्या फेकल्या गेल्या. तिकीट असलेल्यांत तक्त्यातला हा सगळ्यात उंच ठिपका. कारण एकच, भाव इतका कमी की ते तिकीट कमी आणि वर्गणी जास्त. याच मैदानावर आदल्या वर्षी जुलैत पोप जॉन पॉल दुसरे यांची प्रार्थना झाली होती, आठ लाख लोकांसमोर. स्टोन्सपेक्षा पोप मोठे, निदान डाउन्सव्ह्यूला.

एकाच रोगाने चीनचे शो बुडवले आणि टोरांटोची गर्दी उभी केली. तक्त्यावर या दोघांमध्ये बारीक रेघ ओढायला सांगितली आहे.

७ सप्टेंबर

कोपाकबाना. टाळत होतो.

१८ फेब्रुवारी २००६, रिओ, समुद्रकिनाऱ्यावर फुकट. सगळीकडे छापलेला आकडा १५ लाख. कोपाकबाना पॅलेस हॉटेलातून थेट स्टेजवर यायला रस्त्यावरून पूल बांधला होता, म्हणजे बँडला गर्दीत पाऊल टाकायलाच नको. आवाज पोचावा म्हणून किनाऱ्यालगत स्पीकरचे मनोरे. तो खर्च का लागतो ते सोपं आहे: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे किलोमीटरभर दूरच्या माणसाला ड्रमचा ठोका तीन सेकंदांनी ऐकू येणार. मनोऱ्यांना तेवढा उशीर मुद्दाम दिला की जवळचा आणि दूरचा आवाज एकमेकांत मिसळून चिखल होत नाही.

आता जागा. किनारा सुमारे चार किलोमीटर लांब. वाळू आणि लगतचा रस्ता मिळून रुंदी सरसकट शंभर मीटर धरली. चार लाख चौरस मीटर झाले, साडेतीन शिवाजी पार्क. १५ लाख माणसं बसवायची तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे चौरस मीटरला पावणेचार माणसं हवीत. म्हणजे जेकब्स यांच्या श्वास कोंडणाऱ्या दाटीच्या जवळ, अखंड चार किलोमीटर. तीन किलोमीटर दूर उभा असलेला माणूस एवढ्या दाटीत कशाला उभा राहील? स्टेजजवळचे दोन किलोमीटर दाट भरले असं धरलं, चौरस मीटरला अडीच, तर पाच लाख. चारने धरलं तर आठ. बोटींतले, खिडक्यांतले, दिवसभरात येऊन गेलेले वेगळे.

याच वाळूचे बाकीचे आकडे शेजारी ठेवले: रॉड स्टुअर्ट, ३१ डिसेंबर १९९४, ३५ लाख. त्यात नववर्षाची आतषबाजी बघायला आलेले सगळे धरले होते. मॅडोना, मे २०२४, १६ लाख. लेडी गागा, मे २०२५, २१ लाख. वाळू तेवढीच आहे. आकडा जाहीर करणाऱ्या शहराची हौस मात्र पर्यटनाबरोबर वाढत जाते.

माझ्या शीटमध्ये १५ लाखांच्या पुढे 'जाहीर' आणि ५ ते ८ लाखांच्या पुढे 'जागेवरून' असं लिहिलं आहे. काकांनी विचारलं, "म्हणजे जगातला सगळ्यात मोठा रॉक शो नव्हता?" असेलही. आठ लाख हे काही कमी नाहीत हो.

१० सप्टेंबर

हवाना, २५ मार्च २०१६, सिउदाद देपोर्तिवा हे क्रीडासंकुल, फुकट. ओबामा तीनच दिवसांपूर्वी क्यूबातून परतले होते. सर्वसाधारण अंदाज पाच लाख. एकेकाळी जिथे हे संगीत उघड ऐकायची चोरी होती तिथे. तक्त्यावर अंदाजाची पोकळ रेष, दोन्ही टोकं पुसट.

१४ सप्टेंबर

दौऱ्यांच्या बेरजा. गेल्या महिनाभरात जे शोधत होतो ते मला इथे सापडलं, आणि ते फुकट कॉन्सर्टमध्ये नाही.

१९९४-९५ चा दौरा: सुमारे ६३ लाख तिकिटं, ३२ कोटी डॉलर, सव्वाशेहून जास्त शो. शोमागे पन्नास हजारांच्या आसपास लोक, तिकिटामागे ५१ डॉलर.

२००५-०७: ४६ लाख ८० हजार तिकिटं, ५५ कोटी ८० लाख डॉलर, १४४ शो. शोमागे ३२ हजार, कारण अमेरिकेत बरेच शो बंदिस्त अरीनांत झाले. तिकिटामागे ११९ डॉलर.

२०१७-२१: सुमारे २८ लाख तिकिटं, ५४ कोटी ६० लाख डॉलर, ५८ शो. शोमागे ४८ हजार. तिकिटामागे १९५ डॉलर. शेवटचा टप्पा चार्ली वॉट्स गेल्यानंतर, स्टीव्ह जॉर्डनला ड्रमवर घेऊन.

पहिली आणि तिसरी ओळ पुन्हा वाचली. पंचवीस वर्षांच्या अंतराने एका शोला येणाऱ्यांची संख्या जवळपास तीच. शो निम्म्याहून कमी. भाव जवळजवळ चौपट. १९८१ मध्ये तिकीट पंधरा-सोळा डॉलर होतं, महागाई धरून २०२१ चे पन्नासेक. त्याच्याशी ताडलं तरी चौपटच निघते. टोरांटो सोडलं तर भरीव ठिपक्यांना, म्हणजे तिकिटाच्या शोंना, १९८१ नंतर छत लागलं आहे. स्टेडियम फुगत नाही, सत्तरी ओलांडलेला गायक दर दोन दिवसांनी उभा राहू शकत नाही, मग वाढायला उरतं काय, तर तिकीट. 'बँड मोठा होत गेला' असं गर्दी पाहून कुणी म्हणत असेल तर ती गर्दी फुकटची आहे. विकत घेऊन येणारी गर्दी चाळीस वर्षं जागेवरच आहे, फक्त तिच्यातले गरीब कमी झाले.

हे शेवटचं वाक्य तक्त्यावर छापू नये असं मंडळाचं मत. ठीक. नोंदीत राहू दे.

१९ सप्टेंबर

आखणी. ए-१ कागद, उभा. साध्या मोजपट्टीवर १५ लाखांना ७५ सेंटिमीटर दिले तर ब्रेबॉर्न एका सेंटिमीटरवर येतं आणि क्लबचा ठिपका मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर, म्हणजे शाईच्या फराट्यात. लॉग स्केल घेतली. आता शंभर ते हजार आणि लाख ते दहा लाख यांना सारखीच उंची, दुप्पट म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर. मैत्रिणीचा आक्षेप रास्त आहे: या पट्टीवर कोपाकबाना फार उंच वाटत नाही. मला ते चालतं. डाव्या कडेला मोजपट्टीबरोबर शिवाजी पार्कचा बाह्याकार, विरळ आणि दाट अशा दोन पातळ्यांवर.

तिकिटाचे ठिपके भरीव, अंदाजाच्या उभ्या पोकळ रेषा. दोन्ही जातींना जोडणारी कल-रेषा कुठेही नाही. तिने काढून दाखवली होती, देखणी होती, आणि पूर्णपणे खोटी.

२३ सप्टेंबर

छोट्या शोची भर. हे विसरले तर तक्ता मोठेपणाची जाहिरात होईल.

टोरांटोचा एल मोकँबो, ४ आणि ५ मार्च १९७७. तीनशेच्या आसपास जागा, 'कॉक्रोचेस' असं खोटं नाव लावून. कीथ रिचर्ड्सला आठवडाभर आधीच त्याच शहरात हेरॉइनप्रकरणी अटक झालेली, आणि प्रेक्षकांत कॅनडाच्या पंतप्रधानांची पत्नी मार्गारेट ट्रूडो. वर्तमानपत्रांना दोन आठवडे पुरेल एवढं खाद्य. न्यू यॉर्कचं बीकन थिएटर, २९ ऑक्टोबर २००६, सुमारे २,८०० खुर्च्या. कोपाकबानानंतर आठ महिन्यांनी. पॅरिसचं त्राबेंदो, २५ ऑक्टोबर २०१२, सहा-सातशे लोक.

स्टेडियमच्या प्रत्येक मोठ्या दौऱ्याच्या आगेमागे असा एखादा ठिपका खाली दिसतो. सरावाला म्हणा, बातमीला म्हणा. १९६३ च्या रिचमंडच्या उंचीवरच. मला निवडायला सांगितलं तर मी यातलाच एक निवडीन, आणि तिकीट मिळणार नाही हेही मला माहीत आहे.

२७ सप्टेंबर

फाइल छापायला दिली. दुकानदाराने पोकळ रेषांची जाडी पाव पॉइंट आहे, फाटेल म्हणाला, अर्धा केली. मुंबईच्या ठिपक्याचा रंग वेगळा ठेवायचा की नाही यावर मत घेतलं, बहुमताने ठेवला. मामा उद्घाटनाला येणार आहे आणि त्याला ब्रेबॉर्नपुढे वीस हजार हा आकडा कमी वाटतो. "तीस तरी लिही," म्हणाला. पाचव्या रकान्यात त्याचं नाव घालायची तयारी असेल तर लिहितो, असं सांगितलं आहे.